कोरी बाटली

माळावर तंबू उभे राहिले आणि मावशींनी पहिली गोष्ट दाखवली ती विहीर. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, वारा सुटला की ओठांवर मीठ जमायचं, आणि तरी या विहिरीचं पाणी गोडं होतं. “खालच्या गावातल्या सगळ्या विहिरी मचूळ,” मावशी म्हणाल्या. “प्यायचं पाणी न्यायला गाव माझ्याकडे येतं. तुमच्यासारखी माणसं तंबू टाकायला येतात तीही या पाण्यामुळेच. नाहीतर या उघड्या माळावर काय आहे?” बोलताना त्यांनी विहिरीच्या कठड्यावर हात ठेवला होता, एखादीने हुशार लेकीच्या पाठीवर ठेवावा तसा.

त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. माळ त्यांचा, शेजारची भाजी त्यांची, आणि मुक्कामाला येणारे सगळे त्यांना मावशी म्हणत, इतकंच.

तंबू टाकायला आलेल्यांतल्या थोरल्या सुनेने पाण्याचा घोट घेतला. चव चांगली होती. पण चवीवर विश्वास ठेवणाऱ्यांतली ती नव्हती. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेची ती प्रमुख होती, आणि सुट्टीवर निघतानाही तिच्या पिशवीत तपासणीच्या छोट्या बाटल्या असायच्याच. बाटलीत एक औषधी कागदाची पट्टी असते. पाणी भरायचं, बाटली उबेला ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू आहेत असं धरायचं. दर वर्षी दोघा भावांची बिऱ्हाडं, धाकट्याच्या कुत्र्यासकट, तंबू घेऊन बाहेर पडत, कधी डोंगरातली गावं, कधी नदीकाठ, यंदा समुद्र. आणि दर वर्षी ती कुठल्या ना कुठल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून झोपायच्या पिशवीत घेऊन झोपे.

“ताई पुन्हा अंडी उबवायला बसल्या,” धाकटी जाऊ म्हणाली.

“हस तू. पोट बिघडलं की माझ्याकडेच येशील गोळ्या मागायला.”

“इन्स्पेक्टरबाई, एखाद्या वर्षी तरी काहीतरी सापडू दे हो. दर वेळी आपलं ‘पाणी चांगलं आहे’. एवढी बाटली उबवायची आणि पिल्लू काही निघत नाही.”

दीर हसला, नवराही हसला. तीही हसली. पण ते वाक्य कुठेतरी टोचलं.

पाणी काढायला विहिरीवर मावशींचा पोहरा होता. तो तिने वापरला नाही. दोर जमिनीवर पडलेला, पोहऱ्याला गावभरचे हात लागलेले. नमुना बिघडला असता. तिने आपल्या गाडीतली घडीची बादली आणली, विहिरीच्या पाण्याने एकदा खळबळली, मग ती गाडीतल्याच दोरीला बांधून आत सोडली. आपण किती काळजी घेतो आहोत याचं तिला त्या वेळी थोडं समाधानही वाटलं होतं. हे तिला नंतर आठवायचं आणि कानशिलं तापायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली काळी झाली होती. राखाडी वगैरे नाही, चक्क शाईसारखी.

ती बाटली घेऊन तंबूबाहेर आली तेव्हा सगळे चहा पीत बसले होते. शेजारच्या तंबूतले निवृत्त प्राध्यापक आणि त्यांची बायकोही आलेली होती. ती हळू आवाजात नवऱ्याला सांगू शकली असती. पण तिने बाटली उजेडासमोर धरली.

“बघ,” ती जावेला म्हणाली. “निघालं पिल्लू.”

मग प्राध्यापकांच्या बायकोने हातातला कप खाली ठेवला. “आम्ही तर आल्यापासून हेच पाणी पितोय.”

“उकळून प्या म्हणजे झालं,” नवरा म्हणाला.

“अहो, उकळून काय उकळून? घाण ती घाणच,” जाऊ म्हणाली. तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. तिच्या पोटात काही राहत नसे, इतकंच. चहा संपायच्या आत तिने ते पलीकडच्या तंबूतल्या सायकलवाल्यांना सांगितलं, आणि पाव आणायला खाली दुकानात गेली तेव्हा दुकानदाराला. दुकानदाराला सांगणं म्हणजे गावाला सांगणंच होतं. दिवेलागणीला रोज विहिरीवर कळश्यांची रांग लागायची, ती त्या संध्याकाळी लागली नाही. सकाळी सायकलवाले निघून गेले. त्यांच्यामागे प्राध्यापकांनीही तंबूच्या खुंट्या उपटल्या. जाताना ते तिला म्हणाले, “तुमच्यासारखी जाणकार माणसं बरोबर असली म्हणजे बरं असतं.” तिने मान लववली.

मग मावशी आल्या. त्या तंबूत आल्या नाहीत, बाहेरच थांबल्या.

“बाई, खरं का ते?”

“खरं आहे, मावशी. मी स्वतः तपासलंय.”

“कशानं झालं असेल? मी तर गुरं पण तिकडं फिरकू देत नाही.”

“सांगता येत नाही. पाझरून येतं कुठून तरी.”

मावशींनी पदराने तोंड पुसलं. “मग आता काय करू सांगा. तुमचं कामच आहे हे.”

तिचं कामच होतं हे. त्यामुळे तिने अजिबात न अडखळता सांगितलं, शहरातल्या टाक्यांबद्दल सांगायची तसंच. विहीर पूर्ण उपसा. नवं पाणी भरलं की ब्लीचिंग पावडर टाका. मग पुन्हा तपासू.

“पूर्ण उपसू? तळ दिसेपर्यंत?”

“पूर्ण. अर्धवट उपसून उपयोग नाही.”

मावशी किंचित थांबल्या. काहीतरी विचारावं की नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. मग त्या मान हलवून पंप भाड्याने आणायला खाली उतरल्या.

पंप सुरू झाला तेव्हा घरचे सगळे किनाऱ्यावर जायला निघाले होते. आवाजात बसवेना म्हणून तीही गेली. पाण्याच्या रेषेशी दीर कुत्र्याला धूत होता. त्याचं कुत्रं म्हणजे मेलेला मासा आणि गाईचं शेण यांपैकी जे आधी दिसेल त्यात लोळणारं. दीर त्याच्या अंगावर पाणी ओतत होता आणि कुत्रं अंग झटकत होतं, आणि पाणी तो ओतत होता घडीच्या निळ्या बादलीतून.

ती जागीच उभी राहिली.

“भाऊजी, ही बादली कुठून घेतली?”

“आपलीच आहे की वहिनी. गाडीतली.”

“कधीपासून धुताय ह्यात त्याला?”

“निघालो तेव्हापासून. रस्त्यात थांबलो नव्हतो का चहाला, तिथे हे साहेब शेणात लोळून आले. मग तिथल्या नळावर ह्यातच आंघोळ घातली.” त्याने मान वर करून पाहिलं. “का हो?”

“काही नाही,” ती म्हणाली.

तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. तिने बादली एकदा खळबळली होती, नुसत्या पाण्याने. आणि कोरी बाटली लावली नव्हती. प्रयोगशाळेत नवं कुणी रुजू झालं की पहिल्याच दिवशी ती सांगायची: नमुन्याशेजारी कोरी बाटली हवीच. तिच्यात शुद्ध पाणी, आणि ते नेमकं नमुन्याच्याच भांड्यातून, नमुन्यासारखंच भरलेलं. कोरी बाटली काळी पडली तर दोष पाण्याचा नाही, तुमच्या हातांचा. कोरी बाटली नसेल तर तुमच्या निकालाला मी निकाल म्हणणार नाही. हे ती इतक्या वेळा बोलली होती की प्रयोगशाळेतल्या मुली तिच्या पाठीमागे तिच्या आवाजात ते म्हणून दाखवत. स्वतःच्या वेळी मात्र तिला वाटलं, सुट्टीतलं काम आहे, कशाला.

वरून पंपाचा आवाज येत होता.

आता धावत जायचं आणि थांबवा म्हणायचं. एवढंच करायचं होतं. ती चढ चढून गेलीही, धापा टाकत. विहिरीवर मावशी होत्या, गावातली दोन-तीन माणसं होती, जाड नळातून भाजीच्या वाफ्यांत पाणी धोधो वाहत होतं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्यासाठी एकाने वाट मोकळी केली.

“काय बाई, बरोबर चाललंय ना?” मावशींनी विचारलं.

आणि तिच्या तोंडून निघालं, “हो. मी एक नमुना घेते, पुन्हा खात्री करायला.”

तिने थेट नळाच्या तोंडाशी बाटली भरली. दुसरीत बंद बाटलीतलं विकतचं पाणी भरलं. या वेळी काही चुकलं नाही. हात स्वच्छ, झाकण घट्ट, कोरी बाटली शेजारी. खात्री झाल्याशिवाय बोलणं बरं नव्हे, असं ती स्वतःला सांगत राहिली. कदाचित पाणी खरंच वाईट असेल. काळ्या बाटलीचा निकाल जगजाहीर करायला तिला कसलीच खात्री लागली नव्हती, हे तिच्या लक्षात आलं होतं; पण लक्षात येणं आणि तोंड उघडणं यांच्यामध्ये ती उरलेला दिवस तंबूत बसून राहिली. पंप उन्हं कलेपर्यंत चालला. शेवटी शेवटी त्याच्या आवाजात घरघर आली, तळाला हवा ओढल्यासारखी, आणि तो बंद झाला.

त्या शांततेत तिला दुसरी गोष्ट आठवली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती.

समुद्राकाठच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असावी तसं. वरून थोडं थोडं घेतलं तर खालचं जागेवर राहतं. तळापर्यंत ओढलं तर खारं पाणी वर चढतं. हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, आकृती काढून. शहराच्या टाक्यांना झरे नसतात. त्या रिकाम्या करायच्या आणि भरायच्या, एवढंच असतं. तिने मावशींच्या विहिरीला टाकी समजून सल्ला दिला होता.

ती रात्र तिने कशी काढली हे सांगण्यात अर्थ नाही. सकाळ होऊन ऊन चढलं तरी दोन्ही बाटल्या स्वच्छ होत्या. थोडा वेळ आणखी थांबायला हवं होतं, पण आता थांबण्यामागचं कारण तिला स्वतःलाच पटेना.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं. तो सामान बांधत होता. त्या दिवशी निघायचं होतं. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने तंबूची दोरी गुंडाळायची थांबवली.

“आपण निघतोच आहोत,” तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून, “नाही, म्हणजे... मी येऊ बरोबर?”

“नको.”

मावशी विहिरीशीच होत्या. पावडरची पिशवी शेजारी तशीच होती, तोंड न सोडलेली. विहिरीत पाणी पुन्हा चढलं होतं, बरंच. त्यांनी पोहरा ओढून ओंजळ भरली होती आणि ते पाणी तोंडात घेऊन त्या उभ्या होत्या. मग त्यांनी ते बाजूला थुंकलं.

“तुम्ही बघा,” त्या म्हणाल्या. “मला वाटतं माझ्याच तोंडाला चव नाही.”

तिने ओंजळ केली. पाणी मचूळ होतं.

“मावशी, तुमचं पाणी चांगलं होतं,” ती म्हणाली. “घाण आमच्या बादलीत होती. कुत्र्याला धुतलेली बादली मी विहिरीत सोडली. ते मला काल दुपारीच कळलं. पंप चालू होता तेव्हा.”

“चालू होता तेव्हा?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते दोन शब्दांचं होतं, आणि ते उच्चारणंही सोपं नव्हतं. “लाज वाटली,” ती म्हणाली.

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी आरडाओरडा केला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर तिला ते सोसलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “गोडं होईल का परत?”

“पावसाळ्यानंतर होऊ शकेल. कदाचित त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. तोवर अगदी थोडं थोडंच काढायचं, वरवरचं.”

“नक्की?”

तिच्या ओठांवर ‘नक्की’ आलं होतं. “नक्की नाही सांगता येत,” ती म्हणाली.

मावशी कठड्यावर बसल्या. खाली समुद्र नेहमीसारखा वाजत होता. वाफ्यांत कालच्या पाण्याने रोपं आडवी झाली होती. “ते जाऊ दे,” त्या म्हणाल्या, “गावाला वाटतंय मी त्यांना एवढी वर्षं घाण पाजली. काल एक म्हातारी माझ्या तोंडावर बोलून गेली, तुझ्या पाण्यानंच माझा नातू आजारी पडला म्हणून. मी सांगायला गेले तर म्हणतील, ही आपली विहीर झाकतेय. तुम्ही सांगा.”

“सांगते. दुकानदाराला सांगते, म्हणजे...”

“दुकानदाराला नको. वाईट सांगायला तो बरा आहे. हे तुम्ही घरोघर सांगा.”

तंबूपाशी गाडीत सामान चढत होतं. जाऊ हाका मारत होती, “ताई, चला! ऊन होतंय!” तिने हातानेच थांबा म्हटलं आणि गावाच्या वाटेला लागली. बरोबर काही घेतलं नाही; त्या दोन स्वच्छ बाटल्याही नाहीत. बाटल्या दाखवल्या असत्या तर पुन्हा तीच जाणकार ठरली असती.

पहिल्या घराच्या दारात एक बाई भांडी घासत होती. पाणी बेताने वापरत होती, आधीच्या भांड्याचं खळबळलेलं पुढच्यात ओतत.

“वरच्या मावशींच्या विहिरीबद्दल सांगायला आलेय,” ती म्हणाली.

बाईचा हात थांबला. “ते कळलंय आम्हाला. कुणी शहरातली बाई आलीय म्हणे, शिकलेली. तिनं शोधून काढलं.”

“तिने चुकीचं शोधून काढलं. पाणी चांगलं होतं. आणि आता ते खारट झालंय, तेही तिच्याच सांगण्यावरून उपसलं म्हणून.”

“अगं बाई,” बाई म्हणाली. “कोण म्हणावी ही?”

“मीच ती.”

बाईने हातातलं भांडं खाली ठेवलं, उठून दारातून आत हाक मारली, “अहो, जरा बाहेर या. आणि आईंना पण घेऊन या.” मग तिच्याकडे वळून म्हणाली, “आता सगळ्यांसमोर सांगा पहिल्यापासून.”

आतून पावलं वाजली. ती अंगणात उभी राहिली, आणि माणसं जमायची वाट पाहू लागली.