मांजरडोळीला माफी

मालिका बंद होणार ही बातमी धाकटीला इस्पितळाच्या लाँड्रीत कळली. तापलेल्या रोलरमध्ये ती ओल्या चादरी सरकवत होती आणि पलीकडून बाहेर येणाऱ्या चादरी तिची जोडीदारीण झेलत होती. या जोडीदारणीचं तोंड कधी बंद नसायचं, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत.

"अगं, तुझी ती मालिका गुंडाळताहेत," रेडिओ ओरडली. "शुक्रवारी शेवट!"

"कोण म्हणालं?"

"मोबाइलवर आलंय. बघणारे कमी झालेत म्हणे."

धाकटीने चादर तिरकी सरकवली. रोलरने ती चुरगाळून घेतली, मशीन बंद करावं लागलं आणि मुकादमाची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "सुटलो!" पण धाकटीचा चेहरा बघून त्याने हसू आवरतं घेतलं.

मालिका काही फार ग्रेट होती असं धाकटीलाही वाटत नव्हतं. एक गरीब गाय सून, तिच्या वाईटावर टपलेली मांजरडोळी जाऊ आणि कधीचा बेपत्ता असलेला दीर. पण त्या मालिकेमुळे ताईचा फोन येत असे.

आई गेली तेव्हा ताई भरल्या घरात सगळ्यांसमोर धाकटीवर ओरडली होती. "मला वेळेवर कळवलं नाहीस. माझ्या आईचं तोंडही बघू दिलं नाहीस." सहा वर्षं आईचं हगणंमुतणं काढलेली धाकटी तेव्हा एक शब्द बोलली नाही. त्यानंतर वर्षभर दोघींचं बोलणं बंद होतं. मग एका संध्याकाळी फोन वाजला आणि ताई नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाली, "बघितलंस का? त्या मेलीने दुधात विष कालवलं!"

धाकटीने बघितलं होतं. "गाय पिणार नाही बघ. दूध सांडणार," ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी दूध सांडलं.

तेव्हापासून भाग संपला की फोन ठरलेला. मांजरडोळीला दोघी मिळून शिव्या घालत. आईचा विषय दोघींनी कधी काढला नाही.

शुक्रवारी धाकटी कामावरून आली ती पाय ओढतच. तोंडावर पाणी मारून टीव्हीसमोर बसली. नवराही हळूच येऊन बसला, वर्तमानपत्र उघडून, पण पान काही उलटलं नाही त्याने.

शेवट अगदी उरकून टाकला होता. बेपत्ता दीर दारात उभा राहिला, कुठे होता ते कोणी विचारलंच नाही. मांजरडोळी धाय मोकलून रडत गायीच्या पाया पडली. गायीने तिला उठवून छातीशी धरलं. मग सगळं घर एका रांगेत उभं राहून हसलं आणि पडद्यावर आभार झळकले.

"एवढंच?" नवरा म्हणाला.

धाकटी फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. फोन आला नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. सोमवारी त्या वेळेला लहान मुलांच्या गाण्याची स्पर्धा सुरू झाली, ती तिने आवाज बंद करून बघितली.

पुढचा आठवडाभर रेडिओ बोलत राहिली, धाकटी नुसती हुंकार देत राहिली. शेवटी एका संध्याकाळी तिनेच ताईला फोन लावला.

"जेवलीस का?" ताईने विचारलं.

"अजून नाही. तू?"

"नाही." मग ताईच्या गुडघ्याचं विचारून झालं, नळाच्या पाण्याचं विचारून झालं. धाकटी फोन ठेवणार तेवढ्यात ताई म्हणाली, "मी चॅनेलला फोन केला होता. असा कुठे शेवट असतो का म्हटलं. ती पोरगी म्हणते, आपला अभिप्राय मोलाचा आहे. मोलाचा म्हणे! पाया पडली आणि संपलं? एवढं सगळं करून?"

"नसतं तसं," धाकटी म्हणाली.

"नसतंच." ताईचा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता. "तू मला त्या दिवशी सकाळीच कळवायला हवं होतंस."

कुठल्या दिवशी, हे धाकटीने विचारलं नाही. ती भिंतीला टेकली.

"सकाळी आई उठून बसली होती, ताई. तिने चहा मागितला. मला वाटलं, बरी होतेय. दुपारनंतर मला काही सुचलंच नाही."

"हे कधी बोलली नाहीस तू."

"तू विचारलंस का कधी? सगळ्यांसमोर बोललीस मात्र."

"बोलले," ताई म्हणाली. चुकलं असं ती म्हणाली नाही, आणि धाकटीला ते ऐकायचा उत्साहही उरला नव्हता. इतकी वर्षं कढत ठेवलेलं भांडण, आणि आता त्यात पडायलाही अंगात त्राण नाही.

"दमलीस ना गं?"

"हो."

"मग ठेव. जेवून घे."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी धाकटी भाजी चिरत असताना आला.

"त्या सकाळी आई आणखी काय म्हणाली?" ताईने विचारलं.

धाकटीने सुरी खाली ठेवली आणि आठवून बघितलं. ताईला सांगण्याजोगं काहीतरी मोठं सापडेल असं तिला फार वाटत होतं. "पंखा कमी कर म्हणाली."

"मग?"

"मग मी कमी केला. उशी सरळ केली. ती पडून राहिली."

"तिला गार सोसायचं नाही," ताई म्हणाली. "आधीपासून सांग ना. उठली कधी ती?"

धाकटीने पायाने स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि सांगायला लागली.