पाचवी पिशवी

"वादिम, चौऱ्याऐंशीवं पान काढून टाक," राईसा तिखोनोव्हना म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मेजर वादिम कुरेत्स्कीने चहाचा ग्लास खाली ठेवला. छत्रीधारी सैनिकांच्या रेजिमेंटचा पन्नास वर्षांचा इतिहास त्याने दीड वर्ष खपून लिहिला होता. उद्या मजकूर छापखान्यात जायचा होता. चौऱ्याऐंशीव्या पानावर तर बाईंचाच फोटो होता. खाली ओळ होती: पॅराशूट तपासनीस, एकतीस वर्षं सेवा, एकाही छत्रीने दगा दिला नाही.

"फोटो नाही आवडला? तुमचे सगळे फोटो असेच हो, कुणाला तरी नापास केल्यासारखे."

"तुला दोनदा केलं होतं. फोटो राहू दे. मजकूर खोटा आहे."

"कुठे?"

"एकाही छत्रीने दगा दिला नाही, हे खोटं. आणि पिशव्या मोजायची रीत पहिल्या कर्नलने घालून दिली, हेही खोटं."

प्रत्येक शिपाई आपल्या छत्रीची घडी स्वतःच घालतो; तेव्हा कापड सरकू नये म्हणून त्यावर वाळूच्या पाच लहान पिशव्या ठेवतात आणि शेवटी काढून घेतात. या रेजिमेंटमध्ये त्या मोठ्याने मोजल्या जात. 'पाच' कानावर पडल्याशिवाय तपासनीस सही करत नसे. दुसऱ्या रेजिमेंटचे लोक विचारत, बटाटे मोजताय का रे? पण मोजणी कधी चुकली नाही.

"मला जुन्या लोकांनी सांगितलंय," मेजर म्हणाला.

"जुन्या लोकांना मी सांगितलं होतं. माझ्या चुकीपायी कोण मोजणार? कर्नलच्या नावाने मुकाट मोजायला लागले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चौऱ्याहत्तरचा ऑक्टोबर होता. बोटं गारठलेली, चाळीस छत्र्या तपासायच्या. अकरावीवर त्यांनी न मोजता सही केली. द्रोझ्दोव नावाच्या शिपायाची छत्री अर्धीच उघडली. छातीवरच्या राखीव छत्रीने तो वाचला, गळ्याचं हाड मोडलं. अहवालात वरिष्ठांनी वाऱ्याचा झोत लिहिला.

"दवाखान्यातून सुटल्यावर त्याने छत्रीत अडकलेली पिशवी आणून माझ्या हातात दिली. म्हणाला, तुमची राहिली होती. दुसऱ्या कुणाला बोलला नाही."

"बावीस वर्षं झाली. कोण विचारायला येणार आहे? दोन ऑगस्टला जनरलच्या हस्ते तुम्हाला मानपत्र आहे, ते याच ओळीवर."

"मग नको."

"रेजिमेंटचं नाव जाईल, राईसा तिखोनोव्हना."

"का जाईल? त्यानंतर बावीस वर्षांत एकही नाही. ते लिही, ते खरं आहे. एका चुकीनंतर एवढी माणसं सुखरूप खाली उतरवली, यापेक्षा मोठं काय लिहिणार आहेस?"

मेजरने पेन उघडलं. "पिशवी विसरला द्रोझ्दोवच ना? त्याचं नाव?"

"एकोणीस वर्षांचं पोरगं. ते विसरणार म्हणूनच तपासनीस ठेवतात. सही माझी होती, नाव माझं घाल."

त्याने ओळ खोडली.

एक ऑगस्टला पुस्तकं आली. मानपत्राच्या यादीत बाईंच्या जागी बँडमास्तरचं नाव होतं. राईसा तिखोनोव्हना संग्रहालयाच्या खोलीत होत्या. निवृत्तीनंतर ती खोली त्याच सांभाळत. त्यांनी जुन्या निशाणाशेजारची काचपेटी उघडली आणि विटक्या कापडाची पिशवी आत ठेवली. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तारीख घातली, काय घडलं ते तीन ओळींत लिहिलं. खाली जागा उरली.

खिडकीबाहेर, मैदानावर उद्याच्या प्रात्यक्षिकासाठी छत्र्यांच्या घड्या चालल्या होत्या.

"एक," कुणीतरी ओरडलं. "दोन. तीन. चार."

राईसा तिखोनोव्हनांनी पेन पुठ्ठ्यावर टेकवून धरलं.

"पाच."

मग त्यांनी सही केली.