उलटा फर्मा

माणसाने पुस्तकं आणावीत, पण चोरून आणू नयेत, एवढंच बाइंडरबाईंचं म्हणणं होतं. त्यांचा मुलगा मात्र पिशवीत खाली तीन पुस्तकं आणि वर कोबीचा गड्डा अशा थाटात घरात शिरायचा. सून पिशवी हातात घेताच म्हणायची, "हल्ली कोबी फार जड यायला लागलाय हो." तो हसायचा आणि पुस्तकं आतल्या खोलीत पोचती व्हायची.

बाइंडरबाई रागवायच्या, पण वरवर. तिसरीत शाळा सुटली. पुढे चाळीस वर्षं त्यांनी लोकांची पुस्तकं शिवली: सोळा पानांचा एकेक फर्मा घडी घालायचा, क्रमाने लावायचा, दोऱ्यात ओवायचा. आत काय लिहिलंय ते अक्षर अक्षर लावत वाचायला सवड कुणाला होती? म्हणून पोटचा पोर वाचतो, यावर त्यांची मान ताठ होती. रविवारी जेवणं झाली की तो त्यांच्यापाशी बसून नव्या पुस्तकातली गोष्ट सांगायचा. सोमवारी त्या ती शिलाईला येणाऱ्या बायकांना सांगायच्या आणि वर "आमच्याने दोनदा वाचलंय" अशी फोडणीही घालायच्या.

पुस्तकांपायी त्यांनी आतली खोली कधीच सोडली होती. आता त्याला बाहेरचीही भिंत हवी होती, नेमकी खिडकीकडची. "आई, तुझं टेबल जिन्याखाली नेलं तर?" असं त्याने हळूच विचारून ठेवलं होतं. जिन्याखाली उजेड नव्हता, आणि बाइंडरबाईंना हल्ली सुईत दोरा घालायला उन्हाकडे तोंड करावं लागे. टेबल तिकडे गेलं की आपलं काम सुटलं, हे त्यांना कळत होतं. तरी त्या "बघू" म्हणाल्या होत्या, आणि त्यांचं "बघू" म्हणजे होकार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दुपारी किती फळ्या लागतील ते पाहायला त्या आतल्या खोलीत गेल्या. मधल्या रांगेत लाल पाठीचं पुस्तक दिसलं, त्यांच्याच हातचं. डॉक्टरीणबाईची गोष्ट. मुलाने ती तीन रविवार पुरवून सांगितली होती आणि शेवटी यांनी डोळे पुसले होते. कौतुकाने उघडलं, तर अठ्ठेचाळीसाव्या पानानंतर एकदम चौसष्टावं, तेही डोकं खाली, पाय वर. चौथा फर्मा उलटा शिवला गेला होता.

असली चूक, आणि त्यांच्या हातून? मग वाटलं, पोराच्या लक्षात आलंच असणार. आपल्याला लागेल म्हणून बोलला नाही. त्यांना भरून आलं. आणि तेव्हा कुठे, उघडताना पुस्तकाची पाठ करकरली होती, ते त्यांच्या ध्यानात आलं. कधीच न उघडलेलं पुस्तक तसं करकरतं. त्यांनी शेजारचं काढलं. करकरलं. त्याच्या शेजारचं काढलं. तेही करकरलं. पुढची रांग त्यांनी एकेक करून उघडून पाहिली.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा लाल पुस्तक टेबलावर होतं.

"हे वाचताना कुठे अडलास का रे?"

"छे. एका बैठकीत संपवलं."

"चौथ्या फर्म्यातसुद्धा नाही?"

"तिथेच तर खरी गोडी आहे, आई."

सुनेने मान खाली घातली. बाइंडरबाईंनी पुस्तक उघडून पुढे सरकवलं. त्याने आधी मान वाकडी केली, मग पुस्तक फिरवलं, मग ठेवून दिलं.

"मागच्या कव्हरवर थोडं दिलेलं असतं," तो म्हणाला. "बाकीचं मी जुळवायचो. घेताना दर वेळी वाटतं गं, हे नक्की वाचायचं. आणि तू इतकं मन लावून ऐकायचीस..."

"ऐकायचे. आणि चार बायकांत मिरवायचे." बाइंडरबाईंचा आवाज चढला नाही. "फर्मा मी उलटा शिवला, ती चूक माझी. पण माझ्याकडून ते नकळत झालं. तू माझ्या तोंडाकडे बघत केलंस. बाहेरच्या कुणी अडाणी समजून फसवलं असतं, तर त्याला दोन शिव्या देऊन मी विसरले असते. तुला काय देऊ? खिडकी तर नाहीच मिळायची. आणि रविवारी जेवलास की उठून जात जा, माझ्यापाशी बसू नकोस."