ढेकरेबाबाचा पांढरा अंगारा

मांजरसुंब्याच्या ढाब्यामागं पत्र्याचं शेड होतं आणि शेडात माणसं ढेकर देत होती. केजकडून, आष्टीकडून जीपा भरून येत. ढेकरेबाबा पितळी पेल्यात लिंबू पिळत, पाणी ओतत आणि चमचाभर पांढरा अंगारा टाकत. पेला फसफसून उठे. बायांनी त्यावर ओवीसुद्धा रचली होती:

पाणी कसं हसतं, बाबाच्या गं हाती
ढेकराच्या वाटं, पीडा निघून जाती

ढेकर आला की करणी बाहेर पडली. मोठा आला तर मोठी. एकाला लागोपाठ येतच राहिले, तेव्हा शेजारच्यानं हात जोडून विचारलं, "भाऊबंद लई हायेत का हो तुमाला?"

चंद्रभागाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रक्तदाबाची गोळी त्या कित्येक वर्षं घेत होत्या. बाबा म्हणाले, "करणीला गोळी लागत न्हाई," म्हणून त्यांनी ती बंद केली आणि बाबांनी दिलेल्या पुडीतला अंगारा त्या घरी रोज तीन वेळा प्यायला लागल्या. आता पायावर बोट दाबलं तर खळी पडे आणि भरायला विसरे. चार पावलांत दम लागे. मुलगा रामहरी सगळ्यांना सांगे, "करणी जाताना तरास देतीच."

शेजारच्या आम्रपाली मॅडम शाळेत विज्ञान शिकवत. 'मावशीला दवाखान्यात न्या' असं सांगून त्या थकल्या आणि शेवटी मावशीबरोबर शेडाकडं निघालेल्या जीपमध्ये चढल्या.

शेडात त्यांनी अंगाऱ्याची चिमूट जिभेवर ठेवली. मग ढाब्याच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भज्यांच्या पिठाजवळचा डबा घेऊन आल्या.

"बाबा, करणी नसलेल्या माणसाला ढेकर येतो का?"

"मुळीच न्हाई. निर्मळ देहात ढेकर कुठनं यावा?"

"आणि तुमचा देह?"

"गंगाजळ हाय पोरी, गंगाजळ!"

मॅडमनी पेल्यात लिंबू पिळलं, पाणी ओतलं, डब्यातली चमचाभर पूड टाकली. पेला तसाच फसफसला.

"घ्या मग. गंगाजळाला काय व्हायचंय?"

बाबांनी भक्तांकडं पाहिलं. भक्त मोठ्या श्रद्धेनं बाबांकडं पाहत होते. अडचण तीच झाली. बाबा प्यायले. ओठ मिटले. गाल फुगले. डोळ्यांत पाणी आलं. हायवेवरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला आणि तो लांब गेल्यावर ढेकर आला.

"आगं माय," मागून एक म्हातारी कळवळली, "बाबावर कुनी केली?"

मॅडमनी डबा वर धरला. "हा खायचा सोडा. बाबांचा अंगारा तो हाच. ह्यानं भजी फुगतात, ढोकळा हलका होतो. आंबटाशी गाठ पडली की ह्यातून वायू सुटतो. पेल्यात फेस, पोटात ढेकर. पोटात तर आंबट कायमच असतंय."

"मंग इख हाय का ह्यो?" रामहरीचा आवाज बारीक झाला.

"इख न्हाई. भज्यात चिमूटभर आपण सगळेच खातो. पण मिठात जे सोडियम असतं ते ह्यातबी असतं. रक्तदाबाच्या माणसानं चमच्यानं रोज घेतलं, तर दाब वाढतो, अंगात पाणी साठतं. वर गोळ्या बंद."

रामहरी आईच्या पायांकडं बघत राहिला. "म्हंजी सोडा सोडायचा व्हता. आमी गोळ्या सोडल्या."

"श्रद्धा कमी पडली," म्हणत बाबा चप्पल शोधू लागले.

चंद्रभागाबाईंनी मॅडमचा हात धरला. "पन ढेकरागणिक हलकं वाटायचं गं."

"वाटणारच, मावशी. वायू निघाला की वाटतं. तेवढंच खरं होतं त्यात."

थोडा वेळ त्या दम खात बसल्या. मग पोराला म्हणाल्या, "आरं, उभा कावून? जीप आन."

केजच्या दवाखान्यात गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि सूज हळूहळू उतरली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता, तर पाणी फुप्फुसात भरलं असतं.

तेव्हा बायांनो, बाप्यांनो, एवढंच करा. कुणी पुडी दिली की तिच्यात काय आहे ते विचारा. देणारा रागावला, तर उत्तर मिळालं समजा.