हिरव्या छत्रीचं वाक्य

रंगाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं आणि त्यावाचून त्याचं आजवर काही अडलंही नव्हतं. पण चाळिशी उलटल्यावर गडी हौसेनं संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसला आणि पहिल्याच दिवशी हिरवी छत्री घेऊन शेजारी बसलेल्या नर्सबाईंवर असा काही भाळला, की विचारू नका! सगळं जग त्यांना सिस्टर म्हणायचं. हा शहाणा मात्र नुसत्या 'अहो'वर भागवायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मास्तरांनी वाक्यांच्या आकृत्या काढल्या. एक आडवी रेघ, तिच्यावर कर्ता आणि क्रियापद, मध्ये उभी रेघ. विथ, निअर, इन ही मंडळी तिरप्या रेघांवर, आपापल्या शब्दाखाली. रंगारी त्या सगळ्यांना एकाच शब्दाखाली लटकवून मोकळा व्हायचा. बाई मात्र हसत हसत आकृती काढून पेनाला टोपण लावायच्या. शेवटी मास्तरांनी बजावलं, "शुक्रवारच्या परीक्षेत आकृती जमली तो पुढच्या वर्गात. नाही जमली तो इथंच." म्हणजे बाई पुढं आणि हा मागं!

शुक्रवारी सकाळी तो बाईंच्याच दवाखान्याची बाहेरची खोली रंगवत होता. काम बाईंनीच मिळवून दिलेलं, त्यांची पाळी दुपारची. भिंत घासून झाली, समोर ती कोरी सपाट जागा आली आणि एकाएकी त्याच्या डोक्यात उजेड पडला. छत्री कुणाची? बाईंची. मग ती बाईंखाली! माझ्याजवळ काय करतात? बसतात. मग ते बसण्याखाली! त्यानं काउंटरवरचा मार्कर उचलला आणि हातभर अक्षरांत ठोकून दिलं: 'द नर्स विथ द ग्रीन अंब्रेला सिट्स निअर मी.' खाली तिरप्या रेघा, जिथल्या तिथं. आनंदाच्या भरात शिडीवरून पडता पडता वाचला. मग डबा उघडून त्यानं सगळं पांढरं करून टाकलं.

थोड्या वेळानं नर्स पुन्हा उगवली. मार्करची शाई रंगातून वर येते हे नवशिक्यालाही ठाऊक असतं, पण प्रेमात पडलेल्या रंगाऱ्याला कोण सांगणार? त्यानं दुसरा हात मारला, तर छत्री वर आली. तिसरा मारला, तर 'निअर मी' आणखीच ठसठशीत. तपासून घ्यायला आलेले एक आजोबा बराच वेळ ते निरखत राहिले आणि म्हणाले, "अहो, यातल्या कुठल्या वाटेनं आत जायचं?"

तेवढ्यात दारात हिरवी छत्री मिटली. बाई भिंतीसमोर येऊन उभ्या राहिल्या. रंगाऱ्यानं डोळे गच्च मिटले आणि ओला ब्रश छातीशी धरला. शर्टाचं व्हायचं ते झालं.

"कुणी काढलंय हे?"

"मी. केव्हाचा झाकतोय, पण जातच नाही हो."

"अगदी बरोबर काढलंय," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी हेच वाक्य आलं तर पास व्हाल तुम्ही."

"आणि दुसरं आलं तर?"

बाईंचे कान लाल झाले होते. त्यांनी छत्री कोपऱ्यात उभी केली, ती घसरून पडली, पुन्हा उभी केली.

"तर मी पेपर कोरा देईन," त्या म्हणाल्या. "मला तुमच्याशेजारीच बसायचंय."