बेवारस एकतीस तुकडे

मेंढीच्या यकृतात घर करणाऱ्या चपट्या किड्याची प्रथिनं तिनं कापून, धुऊन तराजूकाकांच्या हवाली केली, तेव्हा तिला वाटलं होतं, दोन दिवसांचं काम. तराजूकाका म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांचं वजन करणारं यंत्र सांभाळणारे गृहस्थ. त्यांनी निकाल हातात ठेवला. हजारो तुकड्यांना किड्याच्या जनुकांच्या यादीत आपापला धनी सापडला होता. एकतीस मात्र बेवारस.

"मेंढीचे असतील," काका म्हणाले. "नाहीतर तुझ्या केसांचे. माझ्या डोक्यावर काही शिल्लक नाही."

तिनं दोन्ही पडताळलं. मेंढी नव्हे, माणूसही नव्हे. तिला काही चैन पडेना. शेवटी तिनं यादी बाजूला सारली आणि किड्याचा अख्खा जनुकीय मजकूर, यादीनं रिकाम्या मानलेल्या जागांसकट, दोन्ही दिशांनी आणि तीन-तीन ठिकाणांहून सुरुवात करून, असा सहाही प्रकारे संगणकाकडून वाचून घेतला. सत्तावीस तुकडे चपखल बसले; उरलेल्या चारांचा पत्ता लागलाच नाही. एकोणीस तुकडे अकरा जनुकांच्या सुरुवातीच्या खुणेआधी पडले, म्हणजे ती जनुकं यादीत म्हटलंय त्याच्या आधीच सुरू होत होती. आणि आठ एकाच ओसाड पट्ट्यात, जिथं जनुकच नाही असं ठरलं होतं.

ठरवलं होतं तिच्या मामांनी. ती यादी ही त्यांची अकरा वर्षांची मेहनत. त्यांचं बोट धरूनच ती या कामात आली होती.

रविवारी ती गेली तेव्हा निवृत्त मामा खिडकीचा जुना रंग खरवडत होते. तिनं चाचरत सगळं सांगितलं.

"चुकलं होय यांचं?" आतून मामी म्हणाल्या. "जरा मोठ्यानं सांग गं."

मामांनी हात पुसून तिचा लॅपटॉप पुढ्यात ओढला. तो ओसाड पट्टा त्यांनी स्वतःच शोधून काढला.

"हा पट्टा मला आठवतोय. तीनशे अक्षरांपेक्षा छोटा, म्हणून सोडला. नियम माझाच. तेव्हा पडताळायला प्रथिनं कुठं होती?" मग त्यांनी मान वर केली. "पण हे करतं काय?"

"माहीत नाही मामा."

"मग रविवारी इथं काय करतेस?"

सोमवारी ते स्वतःच प्रयोगशाळेत हजर. अकरापैकी चार जनुकांवर त्यांनी बोट ठेवलं. "इथं एकेकच तुकडा आहे. तेवढ्यावर भरवसा ठेवू नकोस. माझी चूक आहे म्हणून तुला सूट नाही."

आणखी तुकडे मिळतात का पाहायला तराजूकाकांनी कोवळ्या किड्यांचे नमुने यंत्रावर लावले. चारपैकी तीन खरे निघाले, एक शंकेतच राहिलं आणि तसंच नोंदवलं गेलं. ओसाड पट्ट्यातलं चिमुकलं प्रथिन मात्र कोवळ्या किड्यांत खच्चून भरलेलं होतं. तिघंही पडद्याला नाक लावून उभे.

सुधारित यादी चार महिन्यांनी निघाली. दहा जनुकांची सुरुवात दुरुस्त झाली, एक नवं आलं. मेंढीच्या पोटात शिरल्यावर पहिल्या काही दिवसांतच किडा ते प्रथिन कशाला बनवतो, याचा प्रयोग तिनं आता मांडलाय. मामा एक दिवसाआड फोन करतात. तिची खुशाली विचारायचं बहुतेक वेळा विसरतात.