तीन मिलिमीटर

परशरामनं ब्लेडच्या टोकानं लाल ठिपका खरवडला. फिल्म फाटू नये म्हणून त्यानं श्वास रोखून धरला होता. काचेच्या टेबलाखालून ट्यूबलाइटचा उजेड येत होता. ठिपका गेला आणि तिथं पांढरं भगदाड पडल्यासारखं दिसलं.

"आता करड्यात मिळव," मागून भीमसेन साहेब म्हणाले. "चहूबाजूंनी शहरच हाय न्हवं?"

"तिथं शेत हाय, साहेब."

"बघितलंयस?"

"आमचंच हाय. कंग्राळीचं. आई करती."

साहेब निपाणीचे, मनानं मऊ. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"किती भरतंय?"

परशरामनं आधीच मोजलं होतं. दोन मिलिमीटर.

*नियम*

उपग्रहाच्या चित्रात पीक, झाडं लाल दिसतात. घरं, रस्ते करडे. चित्रावर पारदर्शक फिल्म अंथरायची आणि तेच रंग उतरवायचे. तीन मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका शेजारच्या रंगात मिळवायचा.

१९७३च्या चित्रात कंग्राळी सगळी लाल. १९८७च्या चित्रात लाल शोधावं लागतं.

नियमांत नसलेलं, पण कार्यालयात सगळ्यांना ठाऊक असलेलं: हा नकाशा शहराच्या नव्या आराखड्याला जोडला जाणार. करडं तिथं प्लॉट.

*जागेवर पडताळणी*

परशरामची आई, शालूबाई, मेथी उपटत होती. शेताच्या तीन बाजूंना घरं उभी राहिली होती. एका गच्चीवरच्या ओल्या लुगड्याचं पाणी वाफ्यात ठिबकत होतं.

"काय आणलंस रं गुंडाळून?"

"नकाशा. आभाळातनं फोटो काढत्यात, त्यावरनं केलेला."

"बग की! आणि मी हितं फाटकं लुगडं नेसून." ती हसली. "आपलं शेत हाय त्यात?"

"हाय की."

त्यानं फिल्म बांधावर पसरली आणि नदीकाठच्या मोठ्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हिरवं सोडून लाल?"

"पीक तसंच दिसतं वरनं."

शालूबाई उकिडवी बसली. शाळा तिनं पाहिली नव्हती. तिचं बोट नकाशाला न टेकता वरूनच फिरू लागलं.

"ही मार्कंडेय. ह्यो पूल. ही खालची वाट…" बोट थांबलं. "ही तर मसणवट. करंजाची झाडं हायत ती. तुझ्या आप्पाला हितंच न्हेलं की आपण."

परशरामनं फिल्मची वाऱ्यानं उडणारी कड दाबून धरली.

"मेलेल्यांची जागा दिसती व्हय वरनं?"

"मोठी हाय म्हणून."

"आणि आपलं?"

तो ओल्या लुगड्याकडे बघत राहिला.

मसणवटीपासून ती बोटानंच वाटेवर परत आली, दोन वळणं घेतली आणि चिखलाचा अंगठा करड्या रंगावर दाबला.

"हितं."

मग पाच जुड्या बांधून त्याच्या सायकलला अडकवल्या.

"साहेबांस्नी दे. शालूबाईच्या शेतातली म्हणून सांग."

*दुसऱ्या दिवशी*

"डाग पुसून घे," साहेब म्हणाले. "सोमवारी नकाशा वर पाठवायचाय."

परशरामनं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. मग तो बाजूला ठेवून पट्टी घेतली. ठसा आडवा पंधरा मिलिमीटर, उभा वीस.

त्यानं आकडे मोठ्यानं वाचले.

साहेब टेबलाजवळ आले. वाकून बराच वेळ बघत राहिले. अंगठ्याच्या रेघांमधून खालचा उजेड येत होता. बारीक वाफे पाडल्यासारखा.

"मेथी गोड होती, म्हणून सांग आईला," ते म्हणाले, आणि आपल्या खुर्चीकडे गेले. तिथून, वर न बघता, "परशराम, स्पिरिट उडून जातंय बघ."

बोळा वाळला होता. त्यानं तो पुन्हा भिजवला.